भिंतीआड जाणारे काम

पावसाळा लागला की आमच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसे येतात. काहींच्या घरी ओल्या भिंतीला हात लावला की मुंग्या येऊ लागलेल्या असतात. बाकीच्यांच्या सोबत आयटीआय झालेला मुलगा असतो. पहिल्यांचे काम आम्ही त्याच दिवशी बघतो. दुसऱ्यांना बसवून चहा देतो, कारण त्यांचा प्रश्न लवकर सुटणारा नसतो. "दुबईचा व्हिसा येईपर्यंत ठेवून घ्या, हात बसेल त्याचा," असे बहुतेक वडील म्हणतात. इथेच राहून स्वतःचा धंदा काढला तर चालेल का, असे विचारणारे थोडेच. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे. ज्यांच्या भिंतीला मुंग्या येतात त्यांनीही तो वाचायला हरकत नाही.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. चिपळूणजवळ राहतो आणि विजेच्या कामाची ठेकेदारी करतो. थोरल्याने नऊ वर्षे सौदीत बांधकामांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, धाकटा इथेच शिकला. २००९ साली दोघांनी मिळून धंदा सुरू केला. तेव्हा अब्बांनी एकच प्रश्न विचारला होता, "लायसन्स कोणाच्या नावावर?" आम्हाला तो सरकारी खाक्याचा प्रश्न वाटला होता. त्याचा खरा अर्थ कळायला दोन वर्षे गेली.

महाराष्ट्रात हे काम करायला कागद लागतो. हात कितीही चांगला असला तरी वायरमनचा परवाना हवा, आणि स्वतःच्या नावाने काम घ्यायचे तर ठेकेदाराचे लायसन्स हवे. ते विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून मिळते. त्यासाठी पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असलेला माणूस, परवानाधारक वायरमन आणि मेगर, अर्थ टेस्टर यांसारखी उपकरणे आपल्याकडे आहेत हे दाखवावे लागते, आणि ठरलेल्या मुदतीने नूतनीकरण करावे लागते. नवीन घराला महावितरणचे मीटर बसवायचे असेल, तर असा ठेकेदार वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करतो. घर विजेला जोडण्याजोगे आहे, याची हमी म्हणजे ती सही.

आता जे सगळ्यांना माहीत आहे पण कोणी लिहीत नाही ते सांगतो. वाडीवस्तीवर वायरिंग करणारे पुष्कळ जण विनापरवाना असतात. काम ते करतात आणि टेस्ट रिपोर्टसाठी लायसन्सवाल्याकडे येतात. लायसन्सवाला घर न पाहता सही करतो आणि पैसे घेतो. आम्हीही तशा चार सह्या केल्या. एका सहीचे पाचशे रुपये. धंदा नवा होता, येणाऱ्या वायरमनशी ओळख होती, आणि त्याचे काम वाईट नसते असे ऐकून होतो.

चौथी सही २०११ च्या मे महिन्यातली. जुलैत त्या घरातून फोन आला. मागच्या पडवीत वॉशिंग मशीन होते, फरशी ओली होती. घरातली सून मशीनमधून कपडे काढत असताना तिला झटका बसला, ती मागे फेकली गेली आणि डोके धुण्याच्या दगडावर आपटले. सहा टाके पडले. नवरा कुवेतला, घरात दोन लहान मुले. आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या सासऱ्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून टेस्ट रिपोर्ट काढला आणि विचारले, "ही सही तुमचीच ना?"

आम्ही सॉकेट उघडला. वरच्या जाड भोकाला, म्हणजे अर्थिंगच्या टोकाला, हिरवी तार व्यवस्थित लावलेली होती. तार चार इंच लांब होती. तिचे दुसरे टोक टेप गुंडाळून डबीत ठेवून दिले होते. सगळ्या घरात तसेच होते. बाहेरून पाहणाऱ्याला हिरवी तार दिसत होती, पण ती जमिनीपर्यंत कुठेही गेलेली नव्हती.

त्या घराचे अर्थिंग आम्ही आमच्या खर्चाने नव्याने केले. पाच दिवस लागले. त्या लोकांनी तक्रार केली नाही. केली असती तर आमचे लायसन्स अडचणीत आले असते आणि त्याबद्दल आम्हाला कोणाला दोष देता आला नसता. त्यानंतर न पाहता एकही सही केली नाही. सह्यांसाठी येणारे लोक दुसरीकडे गेले आणि त्यांच्या ओळखीने येणारी छोटी कामेही गेली. ते वर्ष तंगीचे गेले. हे यासाठी सांगतो की, प्रामाणिकपणाने लगेच बरकत येते असे कोणी सांगितले तर नव्या मुलाने त्यावर हिशेब बांधू नये. आम्हाला त्यासाठी तीन वर्षे लागली.

विजेच्या कामाची खरी अडचण इथेच आहे. सुताराचे दार नीट लागत नसेल तर मालकाला दिसते. गवंड्याची भिंत वाकडी असेल तर पाहुण्यालाही दिसते. आमचे काम भिंतीआड जाते, वर प्लास्टर होते, रंग लागतो आणि गिऱ्हाइकाला फक्त स्विच दिसतात. म्हणून तो स्विचच्या कंपनीवरून भांडतो आणि तारेची जाडी विचारत नाही. यावर आम्हाला एकच उपाय सापडला. जे दिसणार नाही ते आधी दाखवायचे, मोजायचे आणि लिहून द्यायचे.

प्लास्टरच्या आधी आम्ही प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो. झिरीतले पाइप दिसले पाहिजेत आणि शेजारी मोजपट्टी उघडी धरलेली असली पाहिजे. आमची निम्मी गिऱ्हाइके दोहा, कुवेत, दम्माम इथे आहेत. घर इकडे बांधले जाते आणि पैसे तिकडून येतात. रात्री मोबाइलवर फोटो गेला की मालकाचा प्रश्न येतो, "किचनच्या भिंतीत तीन पाइप का?" त्याला कळवायचे की एक दिव्यांचा, एक फ्रिज-मिक्सरच्या सॉकेटचा आणि एक फक्त गीझरचा. पाच वर्षांनी कोणी कपाट ठोकायला ड्रिल घेतले की तेच फोटो पुन्हा उपयोगी पडतात.

काम संपले की घरातल्या माणसांसमोर चाचणी करतो. मेगर लावून तारांचे इन्सुलेशन तपासतो. ५०० व्होल्टला किमान एक मेगओम यायलाच हवा, नव्या कामात त्याहून कितीतरी जास्त येतो. प्रत्येक सॉकेटला अर्थिंग खरोखर पोहोचले आहे का ते पाहतो, अर्थिंगचा रोध मोजतो आणि आरसीसीबी पाडून दाखवतो. हे सगळे आकडे एका कागदावर लिहून तो डीबीच्या दाराला आतून चिकटवतो. घरातल्या बायकांना या वेळी मुद्दाम बोलावतो. मेन कुठला, गीझरची एमसीबी कुठली, हे पुरुषाला माहीत असून उपयोग काय? तो घरी नसतो.

आरसीसीबीबद्दल इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण कोकणात तिच्यावाचून घर सुरक्षित होत नाही असे आमचे मत आहे. आपल्याकडे जांभा. वरून भोके भोके, खाली कातळ. पावसात अर्थिंगचा खड्डा पाण्याने भरलेला असतो आणि मीटरवर आकडा सुरेख येतो. एप्रिलमध्ये तोच खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि आकडा कितीतरी वर जातो. समजा रोध २० ओम झाला आणि मशीनच्या पत्र्याला फेज लागली. २३० भागिले २० म्हणजे जमिनीत साडेअकरा अँपिअर जातील. सोळा अँपिअरची एमसीबी साडेअकराला पडत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो आणि घरातल्यांना वाटते, एमसीबी आहे ना! एमसीबी तारेला जपते. माणसाला जपायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती क्षणात तोडते. दहाएक मिलिअँपिअरलाच हाताची पकड सुटेनाशी होते, हे लक्षात घेतले म्हणजे ३० हा आकडा एवढा लहान का ठेवला आहे ते कळेल. तिच्यावर एक बटण असते, त्यावर 'टी' लिहिलेले असते. महिन्यातून एकदा ते दाबायचे. लाइट गेली तर आरसीसीबी ठीक, नाही गेली तर आम्हाला फोन करायचा. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तीही वाचवू शकत नाही, कारण तिच्या हिशेबी सगळा करंट परत आलेला असतो.

वारंवार पडते म्हणून आरसीसीबी काढून टाका, असे सांगणारी दरवर्षी पाच-सहा घरे भेटतात. ती पडते कारण कुठेतरी गळती असते. बहुधा पाण्याची मोटर, नाहीतर गीझरची कॉइल. गळती शोधायला अर्धा दिवस लागतो, आरसीसीबी काढायला दहा मिनिटे. दहा मिनिटांचे काम आम्ही करत नाही. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देणारे वायरमन आहेत, तेही काम करत नाही. तसे केले की टेस्टरवर सगळे ठीक दिसते. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटतो, त्या दिवशी फ्रिज, मशीन, मिक्सर सगळ्यांच्या पत्र्यांवर एकदम फेज येते.

आता पैशाचे. आमच्याकडे वायरिंगचा दर पॉइंटप्रमाणे बोलतात. एका पॉइंटला अमुक रुपये, मालासकट. ऐकायला सोपे, पण चोरीला आमंत्रण देणारे. पॉइंट मोजता येतो, त्याच्या मागची तार मोजता येत नाही. दर खाली आणायचा तर अडीच चौरस मिलिमीटरच्या जागी दीड घालायची आणि दोन-तीन सॉकेट एकाच तारेवर उरकायचे. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तीन हजारांचा तेरा. त्याच तारेवर इस्त्री लागली की तार भिंतीत तापू लागते. ती एका दिवसात जळत नाही. आधी प्लास्टिक कडक होते, मग जोड ढिला पडतो, ढिला जोड आणखी तापतो. तोवर ठेकेदाराचे बिल चुकते होऊन चार वर्षे झालेली असतात.

आमचा अंदाजपत्रकाचा कागद थोरल्या सुनेने, म्हणजे थोरल्याच्या पत्नीने, बदलून टाकला. ती बी.कॉम. आहे आणि २०१३ पासून हिशेब बघते. पहिल्या चार वर्षांच्या वह्या तपासून तिने सांगितले, "तुम्ही धंदा करत नव्हता, मजुरीच करत होता. ती सुद्धा कमी दराने." आम्ही माल अधिक मजुरी अधिक थोडा नफा असा दर लावत होतो. गाडीचे पेट्रोल, दुसऱ्यांदा मारलेला हेलपाटा, चाचणीत गेलेला दिवस, मोडलेले ड्रिल बिट, लायसन्सची फी, दुकानाचे भाडे यांतले काहीच धरलेले नव्हते. चाचणीचा दिवस फुकट धरला की तो पुढेमागे वगळला जातो, हे तिने आमच्या आधी ओळखले. तेव्हापासून आमच्या अंदाजपत्रकात अर्थिंग वेगळ्या ओळीत, आरसीसीबी वेगळ्या ओळीत आणि चाचणी व कागदपत्रे वेगळ्या ओळीत असतात. तारेची जाडी प्रत्येक सर्किटसमोर लिहिलेली असते. गिऱ्हाईक म्हणते, "चाचणीचे पैसे कमी करा." आम्ही म्हणतो, हवे तर झुंबराचा पॉइंट कमी करू.

पैसे चार टप्प्यांत घेतो. सुरुवातीला चाळीस टक्के, पाइप झाल्यावर तीस, तारा ओढून झाल्यावर वीस, चाचणीचा कागद हातात दिल्यावर दहा. उधारीवर मोठे काम उचलू नये, हे आम्ही एका बिल्डरकडून शिकलो. त्याने सोळा फ्लॅटचे काम पुरे करून घेतले आणि शेवटचे बिल दोन वर्षे अडकवले. दुकानदार आम्हाला तीस दिवसांच्या बोलीवर माल देत होता, त्याचे देणे आम्ही घरातले सोने मोडून भागवले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे घरात ठरलेले होते. तो निर्णय ज्याचा त्याचा. पण असा नियम असेल तर आधी पैसे आणि मग माल, हा दुसरा नियम त्याच्या जोडीला हवाच. नाहीतर पहिला नियम घरातल्या बायकांच्या अंगावरून निघतो.

मजुरी दर गुरुवारी संध्याकाळी देतो, कारण शुक्रवारी काम बंद असते. मजुरीबद्दलची हदीस आपल्या घराघरांत पाठ असते, तरी बिल्डरने पैसे दिले नाहीत म्हणून मजुराचे थांबवणारे ठेकेदार आपल्यातही आहेत. दोन आठवड्यांच्या मजुरीएवढी रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात ठेवतो आणि तिला हात लावत नाही. कागदोपत्री कामांत एवढेच लक्षात ठेवावे की, सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते. हे काम एखाद्या चांगल्या हिशेबनीसाकडे द्यावे आणि वेळेवर द्यावे.

यापुढचे लिहिणे आम्हाला जड जाते.

२०१६ च्या ऑक्टोबरात एका जुन्या घरात दिवे बदलायचे काम होते. आमचा मदतनीस एकोणीस वर्षांचा होता. त्याने मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिला, टेस्टर पेटला नाही. शिडीवर चढून त्याने छतातल्या डबीतला न्यूट्रलचा जोड सोडला आणि त्याला झटका बसला. तो खाली पडला, मनगट दोन ठिकाणी मोडले. डोक्यावर पडला असता तर हा लेख आम्ही लिहिला नसता.

मेन खरोखर बंद होता. पण घरात इन्व्हर्टर होता. मेन बंद होताच इन्व्हर्टरने दुसऱ्या खोलीचा पंखा चालू ठेवला. पूर्वी कोणीतरी त्या पंख्याचा न्यूट्रल या डबीतून घेतला होता. पोराने जोड सोडला तेव्हा पंख्यातून येणारा करंट त्याच्या हातातून वाट शोधू लागला. टेस्टर पेटला नाही, कारण जोड शाबूत असेपर्यंत न्यूट्रलवर टेस्टर पेटत नाही.

पोराची चूक नव्हती, आमची होती. थोरला सौदीत नऊ वर्षे रोज जी पद्धत पाळत होता ती इथे आल्यावर आम्ही गुंडाळून ठेवली होती. तिथे वीज बंद केली की त्या स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, स्विचवर नावाची चिठ्ठी लावायची. मीटर आधी जिवंत ठिकाणी लावून चालतो का पाहायचा, मग कामाच्या जागी लावायचा, मग पुन्हा जिवंत ठिकाणी. इथे घरगुती कामात एवढे कोण करतो, असे आम्हाला वाटायचे. आता आमच्या प्रत्येक पेटीत कुलूप आहे, चिठ्ठी आहे आणि दोन टोकांचा मीटर आहे. स्क्रू ड्रायव्हरचा टेस्टर फक्त स्क्रू फिरवायला वापरायचा. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न, इन्व्हर्टर कुठे आहे? सोलर आहे का? जनरेटर? तिन्हींची तोंडे बंद झाल्याशिवाय डबी उघडायची नाही. ॲल्युमिनियमची शिडी विकून टाकली. एकटा माणूस कामावर पाठवत नाही.

त्या पोराच्या दवाखान्याचा खर्च आणि चार महिन्यांची मजुरी आम्ही दिली. कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर आहे, हे तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कायद्यातच होते. त्यासाठीचा विमा घ्यावा की नाही यावर आमच्या घरात बराच वाद झाला. अब्बा शेवटी म्हणाले, "उद्या पोर दगावला तर त्याच्या आईला द्यायला तुमच्याकडे रोख आहे का?" रोख नव्हती. विमा घेतला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणात शिरले. बाजारपेठेत काही ठिकाणी ते पहिल्या मजल्याला लागले. आमचे दुकान पूर्ण बुडाले, मेगर वाचला कारण तो घरी होता. पाणी उतरल्यावर फोन सुरू झाले. सगळ्यांचे एकच म्हणणे, वीज आली की आमचे चालू करून द्या. घरात चिखल, पिण्याचे पाणी वरच्या टाकीत चढवायला मोटर हवी, मोबाइल बंद, आजारी माणसे. घाई खोटी नव्हती.

आम्ही एक क्रम ठरवला. ज्या घरांना वरचा मजला होता तिथे आधी खालचा मजला तारा सोडवून पूर्ण वेगळा करायचा आणि वरचा तपासून चालू करायचा. म्हणजे घर रात्रीपुरते तरी उजेडात येते. खालच्या मजल्यावर पाण्यात गेलेल्या एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट सगळे फेकायचे. वाळवून चालणाऱ्या वस्तू नव्हेत त्या. आत बारीक गाळ बसतो आणि पडायच्या वेळी एमसीबी पडत नाही. तारा मात्र पुष्कळ ठिकाणी वाचतात. डब्यांची झाकणे काढून, पाइपातले पाणी काढून त्या वाळू द्यायच्या आणि मेगर लावायचा. एक मेगओमच्या खाली आकडा आला तर ते सर्किट त्या दिवशी चालू करायचे नाही. काही घरांना आम्ही चार-चार वेळा गेलो, आठवड्याने आकडा वर आला. काहींच्या तारा ओढून काढाव्याच लागल्या.

बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने आमची वाट पाहिली नाही. त्याच्याकडे आकडा शून्याजवळ होता. आम्ही नकार दिला तसा त्याने दुसरा माणूस आणला, आणि त्याने मेन पुसून, फुंकर मारून दहा मिनिटांत दुकान चालू करून दिले. तो दुकानदार आजही आमच्याकडे बघून हसतो. त्याच्या दुकानाला काही झालेले नाही. या धंद्यात बहुतेक वेळा काही होत नाही, आणि नव्या मुलाला पटवून देण्याची सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे. ज्या चार घरांवर आम्ही न पाहता सह्या केल्या त्यांतल्या तीन घरांनाही काही झाले नव्हते. सून पडल्यानंतर त्या तिन्ही घरांत आम्ही जाऊन पाहिले होते. दोन घरांत अर्थिंग नव्हते.

पुरानंतरच्या दोन महिन्यांत आम्ही तपासणीचा दर वाढवला नाही, मालही बिलाच्या भावाने दिला. तरीही तो काळ आमच्या धंद्याला फायद्याचाच ठरला, कारण नंतरच्या वर्षभरात ज्यांनी घरे नीट करून घेतली त्यांतले बरेच आमच्याकडे आले. भिंतीवर चिखलाची रेघ उरली होती. डीबी आणि मीटरचा बोर्ड त्या रेघेच्या वर, तळमजल्याला वेगळी आरसीसीबी, आणि तळमजल्याचे सॉकेट कमरेच्या वर. दिसायला बरे दिसत नाही म्हणून काही सुनांनी नाके मुरडली. सासवांनी रेघ दाखवली.

मशिदीच्या कामाबद्दल एक सांगायचे राहिले. जमातीचे लोक म्हणतात, सवाबाचे काम आहे, सांभाळून घ्या. मजुरी आम्ही घेत नाही. पण वजूखाना ही गावातली सगळ्यात ओली जागा. तिथे अनवाणी, भिजलेल्या हातापायांची शंभर माणसे एकामागोमाग येतात, त्यांत म्हातारे असतात, लहान मुले असतात. तिथल्या गीझरच्या आणि मोटरच्या सर्किटला आरसीसीबी नसेल तर आम्ही काम हातात घेत नाही. रमजानमध्ये मोहल्ल्यात जी माळ लावतात तिचे जोड टेपने गुंडाळून पत्र्याच्या कठड्यावर टाकलेले दिसले की आम्ही उतरवायला लावतो. दरवर्षी वाद होतो.

मागच्या पावसाळ्यात वडिलांबरोबर आलेला एक मुलगा सध्या आमच्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्याला आम्ही तीन वस्तू घ्यायला सांगितल्या: रबरी तळव्याचे बूट, चांगला मीटर आणि कुलूप. कुलूप कशाला, असे त्याने विचारले. वायरमनच्या परवान्याचा अर्ज भरून झाला आहे. अंदाजपत्रक कसे लिहायचे ते वहिनी शनिवारी शिकवते. डीबी अजून त्याला उघडू देत नाही. पाइप टाकतो, फोटो काढतो, मोजपट्टी सरळ धरतो. परवा एका घरात मालकाने त्याला सांगितले की मेन आत्ताच बंद केलाय, तू चढ वर. तो चढला नाही. खाली उभा राहून त्याने विचारले, "इन्व्हर्टर कुठे आहे, चाचा?"